दुथडी मतदारसंघ मोडला त्याची बखर

श्री नदीमाय साक्ष. शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सरे, माघमासी दुथडी नामे मतदारसंघ प्रथम मतास बसला, आणि शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरे, माघमासीच निवर्तला. साहेबी पुसिले जे, जुन्या कागदी दुथडी म्हणोन एक मतदारसंघ दिसतो, नव्या नकाशात त्याचा ठाव लागत नाही, तो कोठे गेला, कोणी लुटिला की लढाईत पडला, याचे वर्तमान साद्यंत लिहून पाठवणे. आज्ञेवरून लिहितो. लढाया पुष्कळ जाहल्या, त्यांत तो वाचला. पुढे दोन अर्जांत सापडोन मेला. कैसा, ते ओघास येईल. लिहिणार कोणे थडीचा हे साहेबी पुसू नये. दोन्ही थडींस जेवला आहे आणि दोन्ही थडींच्या शिव्या खाल्ल्या आहेत, सबब पक्षपात नाही.

तर सांजणी नदी मध्ये वाहे. तिचे उगवतीस अलथडी, तेथे तालुक्याचा रस्ता, बाजार आणि पोलीस चौकी. मावळतीस पलथडी, तेथे ऊस उत्तम, माणसे ताठ आणि रस्ता म्हणावा ऐसे काही नाही. दोन्ही थडींत सोयरिकी होत, म्हसोबाची जत्रा एक, आणि भांडणेही परस्परांशीच. तिसऱ्याशी भांडावे तर कोणास गोड लागत नसे. स्वराज्य जाहल्यावर सरकारांनी मुलूख मतदारसंघांत वाटिला, तेव्हा कोणी कारकुनाने नदीकडे न पाहता दोन्ही थडी एका दाव्यास बांधिल्या आणि दुथडी नाव ठेविले. मग पहिली निवडणूक आली. अलथडीहून आबासाहेब खुटवड उभे राहिले, पलथडीहून उमाजी मास्तर शेवाळे उभे राहिले, आणि दोहींकडे मोठी तयारी जाहली. आबासाहेबांनी जीपगाडी आणविली, तीवर कर्णा बांधिला. मास्तरांकडे जीप नव्हती, त्यांनी शाळेची घंटा बैलगाडीवर बांधिली आणि गावोगाव कूच केले. मग दोन्ही स्वाऱ्या नदीचे उतारास समोरासमोर आल्या आणि कोणी मागे सरेना, आणि मग बोलाचाली, आणि मग दगड, आणि मग जीप नदीत गेली आणि घंटाही गेली. मते पडली. आबासाहेब थोडक्यात फत्ते पावले. पलथडीचे लोकांनी वर्षभर अलथडीचा बाजार टाकिला आणि अलथडीचे लोकांनी पलथडीच्या लेकी माहेरी धाडिल्या. घराघरांत चुली विझावयाची वेळ आली.

तेव्हा दोन्हींकडील शहाणी माणसे नदीपात्रातील म्हसोबाचे ठाणी जमली आणि ओंजळीत पाणी घेऊन तह जाहला. तहाची कलमे ऐसी की, आमदारकी आळीपाळीने चालावी, एक वेळ अलथडी, एक वेळ पलथडी. पक्ष कोणताही असो, झेंड्यास कोणताही रंग असो, पाळी चुकू नये. ज्यांची पाळी नाही त्यांनी आपला एक मनुष्य रीतीसाठी उभा करावा, त्याने प्रचारास निघू नये. आणि जो निवडून येईल त्याने गुलाल पुसला न पुसला तोच पाण्यात उतरोन हरल्या थडीस जावे, तेथील बायांनी रांधिलेले अळणी जेवण जेवावे आणि जेवता जेवता सर्वांची बोलणी ऐकावी. मीठ मागू नये. पाच वर्षांत हरल्या थडीची कामे केली तर पुढे कधीही जेवावयास यावे, मीठ मिळेल. यास अळणी जेवण म्हणत. आबासाहेब पहिले जेवले. पिठले तोंडात घालोन म्हणाले, "मास्तर, हे खाण्यापरीस मी पडलो असतो तर बरं झालं असतं." मास्तर बोलिले, "पुढच्या वेळेस पडाल, काळजी करू नका."

येणेप्रमाणे राज्य चालले आणि बरे चालले. बाहेरील पक्षवाल्यांनी थोरथोर असामी दुथडीवर पाठविले, त्यांस दोन्ही थडींनी मिळोन पाडिले आणि जेवू घालोन परत लाविले. एके वेळी घोटाळा जाहला तोही लिहितो. अलथडीची पाळी असता पलथडीने रीतीसाठी गोपाळ न्हावी उभा केला. त्याने तहाप्रमाणे तोंडातून शब्द काढिला नाही, सभा केली नाही, आश्वासन दिले नाही. लोकांस ऐसा उमेदवार कधी भेटला नव्हता. त्यांस तो इतका आवडला की मतमोजणीस तो पुढे चालला, आणि दोन्ही थडींचे पुढारी घाम पुसत उभे. शेवटी अलथडीच्या पेट्या उघडल्या तेव्हा तह वाचला. दुसरा घोटाळा विधानसभा मध्येच बरखास्त जाहली तेव्हाचा. पलथडीचे आमदार दोन वर्षांत घरी आले. अलथडी म्हणे पाळी आमची. पलथडी म्हणे अर्धे ताट उचलून नेले त्यास जेवण म्हणू नये. म्हसोबापुढे फार भवति न भवति होऊन पाळी पुन्हा पलथडीस दिली. तो गुंता अलथडीचे मनातून पुढे कधी गेला नाही.

परंतु तहात एक मोठे न्यून राहिले, आणि पुढील सर्व कथेचे मूळ तेच. एका थडीचा आमदार जे काम आपले थडीस आरंभी, ते पाच वर्षांत पुरे न होई, आणि दुसरे थडीचा आमदार येताच ते उचलोन आपले थडीस नेई. दवाखान्याचे ऐसेच जाहले. तालुक्याचा दवाखाना अलथडीपुढे घाट उतरोन फार दूर. दुथडीस आपला दवाखाना असावा ऐसे उमाजी मास्तरांनी पहिल्याने काढिले, पलथडीस पाया खोदिला, मंत्र्यांचे हस्ते कोनशिला बसविली. मग अलथडीची पाळी आली, त्यांनी अलथडीस कोनशिला बसविली. मग पुन्हा पलथडी. ऐशा कोनशिला दोन्ही थडींस मिळोन इतक्या जाहल्या की अलथडीच्या बाया एकीवर धुणे आपटीत, आणि पलथडीस एका तालेवाराने गोठ्याची पायरी केली. तीवर थोर माणसाचे नाव होते आणि म्हशी त्यावर पाय देऊन आत जात. दवाखाना मात्र कोठेच उभा राहिला नाही.

आता द्वारकाबाई शेवाळे यांचे वर्तमान. ही उमाजी मास्तरांची थोरली सून. दिसावयास ठेंगणी, बोलावयास खणखणीत, शेतात पुरुषाबरोबर राबे आणि पंचायतीत पुरुषापेक्षा जास्त बोले. तिची धाकटी जाऊ सुंदरा पहिलटकरीण. अडली. ते समयी अलथडीचे राज्य होते, पलथडीचा पाया पाच वर्षे पावसात भिजत पडला होता. सुंदरेस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातले, खाली गवत टाकिले, द्वारकाबाई उशाशी बसली, नदी उतरोन अलथडी ओलांडिली आणि घाट लागला. घाटाच्या मधल्या वळणावर सुंदरा गेली आणि मूलही गेले. ट्रॉली तेथूनच माघारी फिरविली. अलथडीचे बाजारातून जाताना लोक टोप्या काढून उभे राहिले. द्वारकाबाईने कोणाकडे पाहिले नाही. पुढे ती सरपंच जाहली, नदीवर पूल जाहला, मास्तर वारले, तरी तिने एकच धरले की दवाखाना व्हावा. दुसरे काही तिने कधी मागितले नाही, आणि हे लिहिताना सांगतो की तिच्याइतकी हट्टी बाई या मुलखात दुसरी पाहिली नाही.

पलथडीचे शेवटले राज्य जाहले त्यात तिने आमदारांचे मागे लागोन पाया पुन्हा उकरविला, चौथऱ्यापर्यंत काम आणिले. तोच मुदत भरत आली. पुढील पाळी अलथडीची, आणि अलथडीहून आबासाहेबांचे पुतणे रंभाजीराव खुटवड येणार हे ठरलेले. रंभाजीराव मनाने मोकळे, जिभेने त्याहून मोकळे. त्यांनी बाजारात चारचौघांत म्हटले की, "चौथरा पलथडीला राहू द्या, त्यावर पापड वाळत घालतील. दवाखाना हिकडंच होणार." हे वर्तमान पुलावरून पलथडीस गेले. त्याच दिवसांत सरकारचे फर्मान सुटले होते की, मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखावयाच्या आहेत, त्यासाठी पुनर्रचना आयोग नेमिला आहे, ज्यांस काही मागणे असेल त्यांनी अर्ज करावा. पलथडीस ग्रामसभा भरली. द्वारकाबाई उभी राहिली आणि रागे भरोन बोलिली, "पापड वाळत घालत्याल म्हनं! ह्या मानसांसंगं एका दावणीला ऱ्हायचं न्हाई आता. आमचं आमाला येगळं करा. लिहा अर्ज." ग्रामसेवकाने लिहिला. सर्वांनी सह्या केल्या, ज्यांस येत नव्हत्या त्यांनी अंगठे केले. अलथडीस हे कळले तेव्हा रंभाजीराव म्हणाले, "त्यांनी आमाला सोडायच्या आदी आमीच त्यांना सोडतो," आणि त्यांनीही तैसाच अर्ज केला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच एसटीने जिल्ह्यास गेले. वाटेत कोणी कोणाशी बोलिले नाही.

मग निवडणूक जाहली. तहाप्रमाणे रंभाजीराव निवडून आले आणि गुलालाने माखलेले अळणी जेवणास पुलावरून पलथडीस निघाले. रीत पाण्यात उतरोन जाण्याची, परंतु गुडघे धरीत होते म्हणोन पुलाची माफी मागोन घेतली होती. द्वारकाबाईचे ओसरीवर पंगत बसली. सर्व पलथडी भोवती जमली आणि आता बाई काय काय सुनावते ते ऐकावे म्हणोन लोक माळवदावर चढले. रंभाजीराव खाली मान घालोन भाकरी मोडीत होते. द्वारकाबाई घरात गेली, मिठाची वाटी घेऊन आली आणि त्यांचे ताटात चिमूट वाढिली. माळवदावरून कोणी ओरडला, "अक्का, ह्ये काय! रीत मोडली की!" बाई बोलिली, "मोडली तर मोडली. भाऊ, जेवा नीट आणि माझं ऐका."

रंभाजीरावांनी हात आवरिला. बाई पुढे बोलिली, "दवाखाना तुमच्या थडीला न्या."

सभेत गलबला जाहला. कोणी म्हणे बाई फुटली, कोणी म्हणे बाईस भूल पडली. ती बसोन राहिली आणि गलबला बसल्यावर म्हणाली, "आमच्या चौथऱ्याचा नाद मी सोडला. तालुक्याची वाट तुमच्याकडनं जाते, म्हंजी तिथं झाला तरी दोन्ही थडीला जवळ. फकस्त पाया खोदून सोडायचा न्हाई. पाच वर्सांत भिंती आणि छप्पर तुमी करायचं. फुडची पाळी आमची, मी सोता उभी ऱ्हाते, डाक्टर, नर्सबाई आणि खाटा मी आनते. कुनी कुनाचा दगड उचलायचा न्हाई."

सुंदरेची ट्रॉली बाजारातून गेली त्या दिवशी टोपी काढून उभे राहिलेल्यांत रंभाजीरावही होते. त्यांनी ताटातील मीठ भाकरीस लाविले आणि खाल्ले, आणि म्हणाले, "अक्का, म्हसोबाची आन. छप्पर पडल्याबिगर मी तोंड दाखवनार न्हाई." पलथडीच्या बायांनी तेव्हा पदर तोंडास लाविले. रंभाजीराव हात धुवावयास उठले तो बाईस आठवण जाहली. ती म्हणाली, "भाऊ, ते रागाच्या भरात अर्ज दिल्यात आपन, येगळं करा म्हून. ते माघारी घ्यावं लागत्याल." रंभाजीराव मोठ्याने हसले. "अक्का, रस्त्याचा अर्ज दिला, विजेचा दिला, शाळेच्या छपराचा दिला, कुनी वाचला? आमदाराचा अर्ज वाचत न्हाईत, तिथं गावाचा कोन वाचतंय! पडला असंल कुठंतरी." यावर सर्व लोक हसले आणि द्वारकाबाईही हसली. दुथडीचा इतिहास पाहता ते हसणे गैर नव्हते. जन्मापासोन या मतदारसंघाने केलेला एकही अर्ज सरकारांनी वाचल्याचा दाखला नव्हता.

मग कामास हात घातला. रंभाजीरावांस लोक नावे ठेवीत की तोंडाने वाघ, कामास शेळी, परंतु या कामी त्यांनी नाव राखिले. अलथडीचे शिवेवर, तालुक्याचे रस्त्यास लागोन, भिंती उठल्या. ठेकेदार पळाला, त्यास सासुरवाडीहून धरोन आणिला. मंत्रालयात खेटे घालिता रंभाजीरावांच्या वहाणा झिजल्या. पलथडीचे गवंडी स्वतः होऊन पुलावरून येत आणि अलथडीचे गवंड्यांशी कोणाची भिंत सरळ यावर भांडत. द्वारकाबाई दर आठवड्यास बाजाराचे दिवशी येऊन उभी राहे, काठीने ओळंबा पाही, आणि बाळंतिणीची खोली उन्हाकडे असावी म्हणोन तिने एक भिंत पाडावयास लाविली. रंभाजीराव कुरकुरले, तरी पाडिली. छप्पर पडले, पुढे ऐसपैस ओटा बांधिला, पाण्याची टाकी बसली. त्या दिवशी दोन्ही थडींनी मिळोन नारळ फोडिला. आता फक्त डॉक्टर, नर्सबाई आणि खाटा राहिल्या, आणि पाळी पलथडीची.

तोच वर्तमान आले की पुनर्रचना आयोगाची स्वारी जिल्ह्यास आली आहे, सुनावणी आहे, दुथडीचे लोकांनी हजर व्हावे. द्वारकाबाई आणि रंभाजीराव एकाच जीपगाडीत बसोन गेले. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते आणि वाटेत लोक थांबून पाहत. सभागृहात आयोगाचे मोठे साहेब बसले होते, पांढरे केस, मृदू बोलणे. त्यांनी दुथडीचा पुकारा केला, दोन कागद काढिले आणि वाचिले. पहिला पलथडीचा, दुसरा अलथडीचा. दोहींत मजकूर एकच की, त्या लोकांसंगे आम्हांस ठेवू नये, आमचे त्यांचे काही नाते नाही, कोठेही जोडा परंतु त्यांशी जोडू नका. वाचोन साहेब संतोष पावले आणि बोलिले, "राज्यभर फिरलो. सगळीकडे एक म्हणतो जोडा, दुसरा म्हणतो तोडा. दोन्ही बाजूंचं इतकं एकमत फक्त तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या इच्छेप्रमाणेच आराखडा केला आहे."

द्वारकाबाई उभी राहिली. "साहेब, ते अर्ज रागाचे हुते. आमचं आता जमलंय. आमाला तोडू नका."

"बाई, सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग? मागणी बदलायची होती तर अर्ज मागे घ्यायला मुदत होती. दोन वर्षं होती. तुम्ही आला नाहीत."

रंभाजीरावांस राहवले नाही. ते बाकावर हात आपटोन बोलिले, "साहेब, आमच्या बापजाद्यांपासनं अर्ज देतोय. रस्त्याला दिलं, पान्याला दिलं. एक कुनी उघडून बघितला न्हाई. आणि ह्योच बरा वाचलासा!"

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "रस्ते-पाणी आमच्याकडे नाही. आमच्याकडे आलेला प्रत्येक कागद आम्ही वाचतो." साहेब खरे बोलत होते. त्यांचे खाते नेक होते आणि त्यांनी आपले काम चोख केले, यात अणुमात्र संशय नाही. दुथडीचे नशिबी नेक खाते आले ते याच एका कामास. द्वारकाबाईने मग दवाखान्याचे सर्व सांगितले, भिंती, छप्पर, पाळी, म्हसोबाची आण, सुंदरेचे मात्र सांगितले नाही. साहेबांनी सर्व शांतपणे ऐकिले, लेखनिकाने लिहून घेतले, आणि मग पुढल्या मतदारसंघाचा पुकारा जाहला. परतताना पुलाजवळ द्वारकाबाई जीपगाडीतून उतरली तेव्हा रंभाजीराव म्हणाले, "अक्का, चूक माझी. मी हसलो." बाई म्हणाली, "मीबी हसले की."

मग माघमासी हुकूम सुटला. अलथडी उगवतीकडील मोठ्या मतदारसंघास जोडिली, तेथील गावे इतकी की अलथडी त्यांत शेवटास. पलथडी मावळतीकडील दुसऱ्या मतदारसंघास जोडिली, तेथेही शेवटास. नकाशात नदीवरोन शाईची रेघ फिरली आणि दुथडी हे नाव निघाले. रंभाजीराव मुदत भरेतोवर आमदार राहिले, परंतु ज्या मुलखाचे आमदार तो मुलूखच उरणार नाही हे सर्वांस ठाऊक, सबब कचेरीत त्यांस खुर्चीही उशिरा देत. मग नवी निवडणूक लागली. रंभाजीरावांस तिकीट मिळाले नाही, ते घरी बसले. द्वारकाबाईने मावळतीचे मतदारसंघी अपक्ष अर्ज भरिला. लोकांनी समजाविले की तेथे पलथडीबाहेर तुम्हांस कोणी ओळखत नाही. ती म्हणाली, "पाळी आमची हाय. मी उभी ऱ्हानार म्हनले हुते, ऱ्हाते." ती गावोगाव गेली आणि दवाखान्याचे बोलिली. लोक पुसत, बाई, दवाखाना कोठे? ती म्हणे, अलथडीस. लोक म्हणत, तो आपले मतदारसंघात नाही. उगवतीकडे जाऊन तेथील उमेदवारांस भेटली, तर ते म्हणाले, पलथडीची मते आम्हांस नाहीत, तेथील बाळंतिणींची काळजी तिकडल्यांनी करावी. दोघेही आपापले जागी बरोबर बोलिले.

इमारत रिकामी होती, पक्की होती, रस्त्यास लागोन होती, दारे मजबूत होती. सरकारांस मते पडलेली यंत्रे ठेवावयास ऐसी जागा पाहिजेच होती. मतदान जाहल्यावर उगवतीचे मतदारसंघाची सर्व यंत्रे दवाखान्यात आणोन ठेविली, दारांस लाखेच्या मोहरा केल्या, आणि पहाऱ्यास हवालदार घुगे आणि दोन शिपाई बसविले. हवालदार बीडकडील, मनाने भला, नेमणुकीने कडक.

मोजणीचे आदले दिवशी, दुपारी, द्वारकाबाईची सून मोनाली अडली. दिवस भरावयास अवकाश होता, तरी कळा आल्या. भाड्याची गाडी करोन तालुक्यास निघाले, बाई उशाशी बसली. पूल ओलांडिला, अलथडीचा बाजार ओलांडिला, आणि शिवेजवळ मोनालीने बाईचा हात ऐसा धरिला की बाईस पुढील सर्व दिसले. समोर घाट होता. बाईने गाडीवाल्यास सांगितले, "थांबव. दवाखान्यात घे." गाडीवाला म्हणाला, "अक्का, तिथं यंत्रं हायेत." बाई बोलिली, "मला ठावं हाय तिथं काय हाय. घे आत."

हवालदार घुगे आडवे आले. "बाई, मागं व्हा. शंभर मीटरच्या आत यायचं नाही. सीलबंद हाये. आत मतं हायेत."

"मतं बाळंत हुनार हायेत का? सर तिकडं!"

हवालदार पुसते जाहले, तुम्ही कोण. बाई म्हणाली, मी उमेदवार. हवालदारांस अधिकच भय पडले, कारण उमेदवाराने यंत्रांजवळ येणे हा मोठा गुन्हा. मग बाईने सांगितले की मी पलीकडच्या मतदारसंघाची उमेदवार, तुझ्या यंत्रांत माझे एक मत नाही. तोवर बाजारात हाक गेली. रंभाजीराव सदरा न घालता बनियनवर धावत आले, मागोमाग अलथडीच्या बाया आल्या, कोणी गरम पाण्याचे पातेले घेऊन, कोणी जुनी लुगडी घेऊन. रंभाजीराव हवालदारांस म्हणाले, "दादा, दार उघडू नको. तुझं सील तसंच राहू दे. पन ह्यो वटा मी बांधलाय, ह्या बाईनं उभं राहून बांधून घेतलाय. वट्यावर सील न्हाई." हवालदारांनी दाराकडे पाहिले, ओट्याकडे पाहिले, मोनालीकडे पाहिले, आणि मग शिपायांस हुकूम केला की, पाठ फिरवोन रस्त्याकडे तोंड करोन उभे राहणे, कोणास आत येऊ देऊ नये. स्वतःही तैसेच उभे राहिले.

बायांनी लुगडी धरोन आडोसा केला. टाकीस पाणी होते. अलथडीची वैजयंता म्हणोन नर्सबाई रजेवर घरी आली होती, तिने हात धुतले आणि पुढे जाहली. मोनालीने फार सोसले. उन्हे कलली तेव्हा मुलगी जाहली, आणि रडली, आणि रंभाजीराव रस्त्यावर उभ्या उभ्या रडले, आणि हवालदारांनी टोपी काढोन घाम पुसला. द्वारकाबाईने पोर हातात घेतली. तिने ट्रॉलीतल्या त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस काढिले नव्हते, ती आता ओट्यावर खाली बसली आणि मोठ्याने रडली, आणि म्हणत होती, "सुंदरे, एक पोचली गं. एक तरी पोचली." अलथडीच्या बायांस सुंदरा कोण ते सांगावे लागले नाही.

दुसरे दिवशी मोजणी जाहली. दवाखान्यातील मोहरा पंचांसमक्ष पाहिल्या, सर्व जागचे जागी निघाल्या, हवालदारांवर बोल आला नाही. मावळतीचे मतदारसंघी द्वारकाबाईस पलथडीची मते बहुतेक सर्व मिळाली, बाहेरील अगदी थोडी, अनामत जप्त जाहली. ती निकाल ऐकावयास गेली नव्हती. मोनालीस आळीवाची खीर करीत होती.

तात्पर्य, साहेबी पुसिले त्याचे उत्तर येणेप्रमाणे. दुथडी मतदारसंघ सेहेचाळीस वर्षे जगला, आपले लोकांनी मागितले म्हणोन मोडला, आणि मागणारे आता दोन निरनिराळ्या आमदारांकडे जातात. पुन्हा जोडावयाचे म्हटले तर पुढील पुनर्रचनेवाचोन मार्ग नाही, ती केव्हा हे कोणास ठाऊक नाही. अलथडीचे शिवेवरील इमारत सरकारदप्तरी अद्याप दवाखाना म्हणोन आहे, आत यंत्रे आहेत, डॉक्टर नाही. तेथे आजवर बाळंतपण एकच जाहले. आई आणि लेक दोघीही सुखरूप आहेत.